शियांगशानला जाताय? मग आधी बीयुन मंदिर बघा (बीजिंगहून एका दिवसाची सहल)

शेवंती

नमस्कार मंडळी.

बीजिंगला येऊन आम्हाला आता चार वर्षं होतील. ऑक्टोबर लागला की इथल्या मराठी मंडळींमध्ये एकच विषय सुरू होतो, शियांगशानची पानं लाल झाली का? मग सगळे एकाच रविवारी निघतात, रोपवेच्या पाळण्यात बसून शिखरावर जातात, फोटो काढतात आणि गर्दीला कंटाळून परत येतात. मीही दोनदा तसंच केलं. गेल्या आठवड्यात नागपूरहून आलेल्या बाबांना घेऊन तिसऱ्यांदा गेले, तेव्हा कळलं की त्या टेकडीवर आपल्यासाठी जे सगळ्यात मोलाचं आहे, ते मी दोन्ही वेळा बघितलंच नव्हतं. तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर तसं होऊ नये, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

शियांगशान म्हणजे सुगंधी टेकडी. शहराच्या वायव्येला, पश्चिमेकडच्या डोंगररांगेत. सगळ्यात उंच टोक साडेपाचशे मीटरहून थोडं अधिक. तिथे दोन मोठे दगड आहेत. लांबून ते धूपदाणीसारखे दिसतात आणि धुकं उतरलं की धूप जळतोय असं वाटतं. म्हणून ते धूपदाणी शिखर, आणि त्यावरूनच टेकडीला नाव पडलं असं सांगतात.

जाणं अगदी सोपं आहे. मेट्रोच्या १० नंबरच्या लाईनवर बागोउ स्टेशनला उतरायचं आणि तिथून ट्रामने शेवटच्या थांब्यापर्यंत. ही ट्राम २०१७ च्या डिसेंबरअखेर सुरू झाली. उन्हाळी राजवाड्याचं पश्चिम दार आणि वनस्पती उद्यान हे थांबे वाटेतच लागतात. उतरल्यावर दहा-पंधरा मिनिटं चढाची वाट. दोन्ही बाजूंना भाजलेली रताळी, गरम चेस्टनट आणि काडीला टोचून साखरेच्या पाकात बुडवलेली लाल आंबट फळं. त्यांना थांगहुलू म्हणतात. बाबांना ती इतकी आवडली की येताना दोन काड्या घरी आणल्या.

इथून बहुतेक लोक सरळ पूर्वेच्या दारातून आत शिरतात. आम्ही उत्तरेच्या दाराकडे वळलो, कारण बीयुन मंदिर त्या बाजूला आहे. त्याचं तिकीट वेगळं, दहा युआन.

मंदिर १३३१ सालचं. डोंगराच्या उतारावर एकामागे एक चौक चढत जातात. एक चौक संपला की पायऱ्या, मग त्याहून उंचावरचा पुढचा चौक. पुढे काय आहे ते खालून दिसतच नाही, वर गेल्यावरच कळतं. बाबा प्रत्येक चौकात थोडं टेकत, पाणी पीत वर आले. शेवटच्या पायऱ्या चढल्यावर समोर पांढऱ्या दगडाचा उंच चौथरा आणि त्यावर मनोरे. मधे एक मोठा, चार कोपऱ्यांना चार लहान. बाबा जागच्या जागी थांबले. म्हणाले, "अगं, हे तर आपलं महाबोधी."

बाबा बोधगयेला दोनदा जाऊन आले आहेत. आमच्या घरात लहानपणापासून महाबोधी विहाराचा फोटो बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावलेला आहे. मला ते ओळखायला पाटी वाचावी लागली असती, त्यांना लागली नाही.

आणि त्यांचं खरंच होतं. छियानलुंग बादशहाने १७४८ साली हे बांधून घेतलं, उंची ३४.७ मीटर. अशा बांधणीला चिनी भाषेत 'वज्रासन स्तूप' असंच म्हणतात. वज्रासन म्हणजे बोधिवृक्षाखालची ती जागा, जिथे बसून सिद्धार्थ बुद्ध झाले. पाच मनोरे पाच ध्यानी बुद्धांचे. पण ही हुबेहूब नक्कल नव्हे. बोधगयेचं विहार विटांचं, त्याचं मधलं शिखर ५५ मीटर उंच आणि कोपऱ्यातली चार त्यामानाने बरीच लहान. इथे सगळं दगडात, प्रत्येक मनोऱ्याला चिनी पद्धतीच्या एकावर एक तेरा पागोळ्या, पुढे तिबेटी घाटाचे दोन गोल स्तूप, आणि अंगभर कोरलेले बुद्ध, सिंह, हत्ती. बिहारमधली कल्पना इतक्या हातांतून गेली, वाटेत प्रत्येकाने तिच्यात आपलं काही घातलं, आणि तरी नागपूरच्या एका निवृत्त शिक्षकाला ती लांबून ओळखू आली.

बाबांनी चपला बाजूला काढल्या, हात जोडले आणि हळू आवाजात त्रिशरण-पंचशील म्हटलं. "बुद्धं सरणं गच्छामि" ऐकून शेजारी उभ्या असलेल्या दोन म्हाताऱ्या चिनी बायकांनीही हात जोडले. त्यांना पाली कळत नव्हती, आम्हाला त्यांचं पुटपुटणं कळत नव्हतं. निघताना त्यांनी बाबांना वाकून नमस्कार केला.

याच चौथऱ्याशी आणखी एक गोष्ट जोडलेली आहे. चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सुन यत्-सेन १२ मार्च १९२५ ला बीजिंगमध्ये वारले. नानजिंगमधली त्यांची समाधी तयार होईपर्यंत, म्हणजे १९२९ पर्यंत, त्यांचा देह या मंदिरात होता. देह नानजिंगला नेला, पण त्यांचे कपडे आणि टोपी या वज्रासनाच्या पोटात ठेवून ती जागा बंद केली. एका देवळात त्यांच्या स्मृतीचं दालन आहे.

शिखरावर आम्ही गेलोच नाही. बाबा म्हणाले, बघायचं ते बघून झालं.

घाटवाट

ताई, सुंदर लिहिलंय. बाबांना माझा नमस्कार सांगा. पण शिखर सोडा म्हणाल तर मी भांडणार. मी तिथे पाच वेळा चढलोय आणि पाचही वेळा पायी.

पूर्वेच्या दारातून शिरा, शियांगशान मंदिर करा (मूळचं ११८६ सालचं, जळून गेलं होतं, अलीकडे पुन्हा उभारलंय), मग श्वांगछिंग बंगला आणि तिथून वर. सगळी वाट दगडी पायऱ्यांची. शेवटच्या चढाला जुने लोक 'क्वेचियान-छोउ' म्हणायचे, भूतसुद्धा बघून चिंतेत पडेल असा. सिंहगड नेहमी चढणाऱ्याला जड जाणार नाही, पण घाम निघतो. हवा स्वच्छ असेल तर वरून उन्हाळी राजवाड्याचं तळं, त्याच्या अलीकडे टेकडीवरचा मनोरा आणि मागे पसरलेलं अख्खं बीजिंग दिसतं. हे शहर सपाटीवर, डोंगराच्या कुशीत कसं वसलंय, ते मला तिथे उभं राहिल्यावर पहिल्यांदा समजलं. नकाशात इतकं कळत नाही.

श्वांगछिंग बंगल्याबद्दल: माओ २५ मार्च १९४९ ला इथे राहायला आले आणि पुढचे काही महिने इथूनच कारभार चालला. नानजिंग पडल्याची बातमी वर्तमानपत्रात वाचत बसलेला त्यांचा प्रसिद्ध फोटो इथल्याच छोट्या मंडपातला. चिनी पर्यटकांची सगळ्यात मोठी रांग तिथे असते. जागा मात्र खरंच शांत आहे. दोन झरे आहेत, त्यावरूनच नाव पडलं.

शेवंती

घाटवाट, भांडण मान्य. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी शिखर जरूर करावं. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. आधी शिखर केलं की उतरेपर्यंत दोन वाजतात, पाय बोलायला लागतात, आणि बीयुन मंदिर "पुढच्या वेळी" वर जातं. माझं दोन्ही वेळा तेच झालं. सकाळी ताज्या डोळ्यांनी मंदिर करा, मग उरलेला दिवस टेकडीला द्या.

मीनल

शेवंतीताई, अगदी वेळेवर धागा काढलात. आम्ही नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठाण्याहून येतोय. बरोबर आई आहे, वय ६८, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आई कट्टर शाकाहारी, कांदा-लसूण चालतो. तिला कितपत झेपेल? आणि तोवर पानं उरतील का?

घाटवाट

मीनल, पाळणा आहे. दोन माणसांच्या उघड्या खुर्च्या, १९८२ पासून चालू आहे, वर जायला वीसेक मिनिटं. पण खुर्ची थांबत नाही, चालतीवर बसायचं आणि चालतीवरून उतरायचं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने आधी शेजारी उभं राहून दोन-चार जणांना बसताना बघावं आणि मग ठरवावं. तिथली माणसं हात धरून बसवतात. शिवाय वर वारा बोचरा असतो, नोव्हेंबरात कानटोपी हवीच. एक नक्की सांगतो, पाळण्याने चढून पायी उतरायचा बेत आईंबरोबर करू नका. गुडघ्याला चढणीपेक्षा उतरण वाईट.

शेवंती

मीनल, आईंना बीयुन मंदिर जमेल, घाई केली नाही तर. पायऱ्या आहेत, पण मधे सपाट चौक येतात आणि बसता येतं. शेवटचा टप्पा नाही झाला तरी खालच्या चौकांतून परत आलात म्हणून दिवस वाया जाणार नाही. अर्हतांचं, म्हणजे निर्वाणाला पोचलेल्या भिक्खूंचं, दालन मात्र चुकवू नका. लाकडात कोरून सोन्याचा मुलामा दिलेले ५०० अर्हत, प्रत्येकाचा चेहरा वेगळा. त्यांच्याबरोबर आणखी सात देवता आहेत, आणि वर तुळईवर एक छोटी मूर्ती बसलेली आहे, ती चीकुंगची. हा लोकांचा लाडका अवलिया साधू. गोष्ट अशी की त्याला यायला उशीर झाला, खाली जागा उरली नाही, म्हणून तो तुळईवर जाऊन बसला. अशा एकूण ५०८ मूर्ती. आईंना तो शोधायला सांगा, मान वर करून सगळे तेच करत असतात.

जेवणाचं: डबा घेऊन जा. "वो छी सू" म्हणजे मी शाकाहारी आहे, इतकं म्हटलं तर कळतं, पण रस्सा कशाचा आहे हे ते वेगळं धरतात, म्हणून मी बाबांच्या बाबतीत धोका पत्करला नाही. धपाटे आणि लोणचं नेलं होतं. भाजलेलं रताळं वाटेत मिळतंच. पासपोर्ट जवळ ठेवा, तिकिटाला लागतो. पैसे फोनवरून द्यायची सोय इथे येण्याआधीच करून घ्या, नाहीतर रताळं घेतानाही अडचण होईल.

रानजाई

पानांबद्दल मी सांगते, वनस्पतिशास्त्र शिकवते म्हणून. शियांगशानची लाल पानं म्हटली की सगळे मेपल समजतात. मेपलही आहेत, पण ज्या झाडामुळे डोंगर लाल होतो ते वेगळं, हुआंगलू नावाचं. पान जवळजवळ गोल, लहान. उन्हाळ्यात फुलोऱ्याचे देठ लांबून केसाळ होतात आणि झाडावर धूर साचल्यासारखं दिसतं. हे झाड आपल्या आंबा-काजूच्या कुळातलं आहे! दक्षिण युरोपपासून हिमालयमार्गे उत्तर चीनपर्यंत आढळतं, म्हणजे उत्तराखंडात भटकलेल्यांनी ते कदाचित बघितलंही असेल.

लाल होण्याचं कारणही सुंदर आहे. दिवस लहान झाले, रात्री गार पडल्या की पान हिरवं रंगद्रव्य बनवणं थांबवतं. त्याच वेळी पानात अडकून राहिलेल्या साखरेतून लाल रंगद्रव्य तयार होतं. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा, असं हवामान सलग मिळालं तर रंग गडद येतो. म्हणून दरवर्षी तारीख थोडी पुढेमागे होते. साधारण ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत. मीनल, तुम्हाला शेवटची पानं मिळतील अशी आशा आहे, जोराचा वारा सुटला नाही तर. पडलेलं पान उचला, फांदीचं तोडू नका, एवढी विनंती.

नंदादीप

आम्ही दोन वर्षांपूर्वी एका सहल कंपनीबरोबर गेलो होतो. कार्यक्रमात "शियांगशान पूर्ण दिवस" असं छापलेलं. प्रत्यक्षात पाळणा, फोटो आणि दुपारी दीड तास चहाच्या दुकानात. मंदिराबद्दल विचारलं तर "तिथे बघण्यासारखं काही नाही" असं उत्तर मिळालं. सासूबाई आमच्याबरोबर होत्या, त्या दरवर्षी दीक्षाभूमीला जाणाऱ्या. त्यांना हे दाखवता आलं असतं. आता त्या नाहीत. हा धागा वाचून फार वाईट वाटलं, पण लिहिलंत ते बरं केलंत.

शेवंती

नंदादीप, वाचून गलबलून आलं. पुढच्या खेपेला बाबांना नेईन तेव्हा तुमच्या सासूबाईंच्या नावाने तिथे फूल वाहीन.

कागदपत्रे

या टेकडीवरचं पुष्कळसं मुळातलं नाही, पुन्हा बांधलेलं आहे, आणि त्यामागची गोष्ट आपल्यालाही लागू आहे.

छियानलुंगने १७४५ च्या सुमारास इथे 'चिंगयी युआन' नावाची राजबाग उभी केली आणि २८ सौंदर्यस्थळं ठरवून दिली. १८६० साली दुसऱ्या अफूच्या युद्धात इंग्रज-फ्रेंच सैन्य बीजिंगला पोचलं. बोलणी करायला गेलेल्या तुकडीला चिनी बाजूने कैद केलं आणि त्यातले बरेच जण हाल होऊन मेले. त्या कैद्यांत भारतीय स्वारही होते. सूड म्हणून लॉर्ड एल्गिनने ऑक्टोबरात राजवाडे जाळण्याचा हुकूम दिला. आग फक्त जुन्या उन्हाळी राजवाड्याला लागली नाही, या पश्चिमेकडच्या बागाही त्यात गेल्या. आणि जाळणाऱ्या फौजेत पंजाबी पलटणी होत्या. ज्या अफूवरून युद्ध झालं तीही हिंदुस्थानातली, बंगाल-बिहारची आणि माळव्याची. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. आपण मराठी माणसं तिथे निव्वळ पाहुणे म्हणून जात नाही, असं मला तिथे हिंडताना वाटत राहिलं.

या आगीतून वाचलेली एक गोष्ट उत्तर दाराकडून फार लांब नाही. चाओ मंदिराच्या मागचा सातमजली, अष्टकोनी, हिरव्या-पिवळ्या चकाकत्या विटांचा मनोरा. प्रत्येक मजल्याच्या आठ कोपऱ्यांना घंटा, एकूण ५६. वारा सुटला की वाजतात. हे मंदिर १७८० साली छियानलुंगच्या सत्तरीच्या सोहळ्याला आलेल्या सहाव्या पंचेन लामांसाठी, म्हणजे तिबेटच्या एका मोठ्या धर्मगुरूंसाठी, बांधलं. ते त्याच वर्षी बीजिंगमध्येच देवीच्या रोगाने गेले.

आता आपला धागा. याच पंचेन लामांचा कंपनी सरकारच्या वॉरन हेस्टिंग्जशी पत्रव्यवहार होता आणि त्यांच्यातला दुवा होता पूरणगिर नावाचा दशनामी गोसावी. हे गोसावी तीर्थयात्रा करत करत व्यापारही करायचे, आपल्याकडे पेशवाईतही त्यांची सावकारी होती. लामांच्या लवाजम्याबरोबर आपण पेकिंगपर्यंत गेलो, असं पूरणगिरने सांगितलेलं आहे आणि त्याचा तो वृत्तांत इंग्रजीत छापला गेला. चिनी दफ्तरात त्याचं नाव सापडत नाही, म्हणून अभ्यासकांत मतभेद आहेत. पण त्या मनोऱ्याखाली उभं राहिलं की भगव्या छाटीतला एक गोसावी डोळ्यांपुढे येतोच.

सोलापूरकर

कागदपत्रे, तुम्ही अफूचं लिहिलंत म्हणून दुसरी बाजूही मांडतो. बीजिंगहून वेगवान गाडीने शिजियाचुआंगला सव्वा तासाच्या आसपास लागतो. तिथे हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत युद्धकाळात चिनी जखमींवर उपचार करणाऱ्या आमच्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आहे. एका दिवसात जाऊन येता येतं. आपल्या माणसांनी तेही करावं.

शेवंती

सोलापूरकर, नक्की. तुम्ही गेला असाल तर त्यावर वेगळा धागा काढा ना, फार जणांना हवा आहे.

कागदपत्रे, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी पूरणगिरचं नाव वहीत लिहून घेतलं.

जुना पेकिंगकर

मी १९९० च्या दशकात तिथे शिकायला होतो. तेव्हा ट्राम नव्हती, बसने जायचो, बराच वेळ लागायचा. दोन भर घालतो.

सुन यत्-सेन यांच्या दालनात काचेच्या झाकणाची एक पोलादी शवपेटी ठेवलेली आहे, ती बघा. सोव्हिएत संघाने भेट पाठवली होती, पण पोचायला उशीर झाला आणि ती वापरलीच गेली नाही. लोक तीच खरी समजून नमस्कार करतात.

दुसरं, बीयुन मंदिरामागे मिंग काळातला सत्तांध खोजा वेई चुंगशियान याने स्वतःसाठी भव्य थडगं बांधून घेतलं होतं. १६२७ मध्ये नवा बादशहा आला, त्याची सत्ता गेली आणि त्याने गळफास घेतला. थडगं त्याच्या वाट्याला आलंच नाही.

आणि शेवंती, बाबांना बीजिंगमधलं दुसरं वज्रासन दाखवलंत का? प्राणिसंग्रहालयाच्या जवळ, वुथास, पाच मनोऱ्यांचं मंदिर. ते १४७३ सालचं, म्हणजे बीयुनपेक्षा पावणेतीनशे वर्षं जुनं. परंपरा सांगते की एका भारतीय भिक्खूने बोधगयेचा नमुना आणून युंगलो बादशहाला दिला, त्यावरून ते बांधलं. बीयुनपेक्षा बुटकं, पण अंगावरचं कोरीवकाम हाताच्या अंतरावर आहे. एकही पायरी न चढता बघता येतं, मीनल यांच्या आईंनाही सोयीचं.

शेवंती

दाखवलं नव्हतं! बाबांचं परतीचं विमान शनिवारी आहे. गुरुवारी नेते.

मीनल

काल जाऊन आलो, ताजं असतानाच लिहिते.

सकाळी साडेआठला उत्तर दाराशी होतो. बीयुन मंदिरात तासभर जवळजवळ कुणी नव्हतं. आईने तीन चौक केले आणि अर्हतांच्या दालनात ठाण मांडलं. तुळईवरचा चीकुंग तिनेच आधी शोधला, माझ्या मुलाच्याही आधी. मग म्हणाली, तुम्ही जा वर, मी यांच्यात बसते. आम्ही वज्रासन बघून, फोटो घेऊन खाली आलो तर ती एका चिनी आजीशेजारी बसून तिला दशमी खाऊ घालत होती. आजीने तिला सुकवलेले खजूर दिले.

फोटो बघून आई पुन्हा उठली. म्हणाली, एवढं आहे तर येते. दर पाच पायऱ्यांना थांबत, एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला मुलगा, अशी ती शेवटपर्यंत चढली. वीस-पंचवीस मिनिटं लागली असतील. वर पोचल्यावर काही बोलली नाही, नुसती बघत राहिली.

पाळणा आम्ही टाळला. मिस्टर आणि मुलगा दुपारी शिखरावर जाऊन आले, मी आणि आई चाओ मंदिराकडे गेलो. पानं बरीचशी गळली होती. पण वारा होता, आणि कागदपत्रे यांनी लिहिलेल्या त्या घंटा वाजत होत्या. आम्ही तिथे ते दोघे उतरेपर्यंत बसून होतो.

वुथास उद्या करतोय. शेवंतीताई, बाबांना तिथलं कसं वाटलं?

शेवंती

मीनल, आईंना माझा साष्टांग नमस्कार! बाबा वुथासला दोन तास होते. चौथऱ्याभोवती तीनदा फिरले, भिंतीवर कोरलेले बुद्ध मोजायला लागले आणि मोजणी चुकली म्हणून पुन्हा सुरुवातीपासून मोजले. आवारात उंच जिन्कगोची झाडं आहेत, सगळी पिवळी झालीत. उद्या जाताय तर सकाळीच जा, दहाच्या आत उन्हं थेट त्यांच्यावर येतात.